मागच्या खोलीतला सर्व्हर

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. आमच्यात वय सांगितलं की लोक लगेच भंगारवाल्याला हाक मारतात. माझा रंग एके काळी पांढरा होता, आता तो पिवळट पडलाय. माझा एक पाय तुटलाय आणि तिथं पुठ्ठ्याची घडी सरकवून मला उभं केलंय. सुरू व्हायला मला वेळ लागतो. सुरू होताना मी घुरघुरतो आणि उकाड्यात माझा पंखा असा काही ओरडतो, की शेजारच्या खोलीतल्या माणसांना आवाज चढवून बोलावं लागतं. पण डोकं शाबूत आहे हो! म्हणून तर ही हकिगत सांगायला बसलोय.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला एका दुकानाच्या टेबलावर जोडलं. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, डोकं तिसरीकडचं. जाड चष्म्याच्या एका मुलीनं माझे स्क्रू पिळले. शेवटचा स्क्रू पिळताना ती म्हणाली, "जा बाबा, चांगल्या घरी पड." आणि काय सांगू, मी खरंच चांगल्या घरी पडलो.

म्हणजे आधी पडलो एका फोटो स्टुडिओत. तिथले फोटोवाले काका म्हणजे अंगानं किरकोळ, आवाजानं करडे आणि मनानं लोण्याहून मऊ. पासपोर्टच्या फोटोतल्या घाबरलेल्या चेहऱ्यांवरच्या पुटकुळ्या मी पुसल्या. लग्नाला येऊ न शकलेले कितीतरी मामे आणि जावई मी मागाहून कुटुंबाच्या रांगेत उभे केले. एकदा तर एका चिडक्या आजोबांना हसवलं. त्यांच्याच दुसऱ्या फोटोतलं हसू आणून बसवलं, झालं! गिऱ्हाईक खूश होऊन गेलं, की काका माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "हा माझा उजवा हात." तेव्हा माझा पंखा जरा जोरातच फिरायचा.

मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आला. स्टुडिओच्या पायऱ्या चढणारी माणसं कमी झाली आणि एक दिवस काकांनी पाटी उतरवली. सगळे फोटो त्यांनी त्याआधीच माझ्या पोटात भरून ठेवले होते. मला त्यांनी घरी आणलं आणि मागच्या खोलीत टेबलावर बसवलं. जुन्या पेटी कॅमेऱ्यावर घालायचं एक काळं मखमली कापड होतं, ते माझ्यावर पांघरलं. पुढं त्या कापडावर इस्त्रीचे कपडे आले, कपड्यांवर जाड पांघरुणं आली, आणि मी कॉम्प्युटर आहे हे घरातल्या मांजरालासुद्धा आठवेनासं झालं. ते माझ्यावर चढून खुशाल झोपायचं.

इथं काकांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढं सगळं तिच्यावर येऊन ठेपणार आहे. फार पूर्वी स्टुडिओत एकदा तार जळाली होती आणि पडद्यानं पेट घेतला होता. निभावलं, पण काकांनी धसका घेतला तो कायमचा. तेव्हापासून खोलीतून बाहेर पडताना ते त्या खोलीचा मेन स्विच खाली ओढतातच. दिवा, पंखा, सगळं एका झटक्यात बंद. स्टुडिओत असताना तर स्विच ओढण्याआधी मला रीतसर झोपवायचे, वर कापड घालायचे आणि थोपटून म्हणायचे, "पड आता निवांत." मित्रांनो, इतक्या मायेनं कुणी कुणाला बंद केलं नसेल.

आता आक्कांबद्दल सांगतो. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. फोटो काळे-पांढरे होते तेव्हा स्टुडिओत बसून हातानं फोटो रंगवायचं काम त्या करायच्या. बारीक कुंचला, कापसाचा बोळा आणि रंगाच्या बाटल्या घेऊन खिडकीशी बसायच्या. हे मी पाहिलेलं नाही, काकांनीच सांगितलेलं आहे. आक्कांचा हात देखणा होता, पण गाल रंगवताना सैल सुटायचा. काका वैतागून म्हणायचे, "आक्का, माणसं आहेत ही, टोमॅटो नव्हेत!" आक्का हसायच्या आणि पुढचा फोटो घ्यायच्या. एकदाच हसल्या नाहीत. त्यांच्या आईच्या फोटोवरून काका असंच बोलले, तेव्हा आक्कांनी कुंचला धुतला, बाटल्यांची बुचं लावली आणि दिवसभर भावाशी चकार शब्द काढला नाही. का, ते काकांना तेव्हाही कळलं नाही आणि पुढं विचारायचं राहूनच गेलं.

आक्का आता लांब दुसऱ्या देशात लेकीकडे राहतात, पण तिथं उजाडतं ते जवळपास आमच्याबरोबरच. एक दिवस त्या लेकीचा, म्हणजे काकांच्या भाचीचा, फोन आला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. पण मागच्या खोलीत फोनवर बोलता बोलता काका माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"मलाही विसरेल म्हणतेस?" एवढंच ते म्हणाले.

आक्कांची आठवण पुसट होत चालली होती. सकाळी जरा बरं असायचं, दिवस चढला की सगळं धूसर. लेकीला त्या कधी ताई म्हणायच्या, कधी बाई म्हणायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की जुने फोटो दाखवा, जुने आवाज ऐकवा, जोवर ओळखतायत तोवर. फोनवर पाठवलेले फोटो आक्कांना दिसत नव्हते. बोट भलतीकडे लागायचं आणि चित्र पळून जायचं. त्या घाबरायच्या.

काकू तेव्हा दारात उभ्या होत्या. काकू म्हणजे काकांच्या पत्नी. सगळा जन्म त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला होता. कानाला हेडफोन लावून, तारा इकडच्या तिकडे खुपसून त्यांनी गावोगावच्या माणसांची बोलणी जुळवून दिली होती. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "अहो, आपण वेबसाइट करू या."

"कुणी? तू?"

"मग काय मांजर करणार आहे? मोठ्या पडद्यावर एका वेळी एकच फोटो आणि खाली एकच ठळक बटण. आक्कांनी दाबलं की पुढचा फोटो."

"आणि फोटो ठेवायचे कुठं? परक्या कंपनीच्या कपाटात? माझी माणसं मी परक्यांच्या हवाली करणार नाही हं."

"परक्यांच्या कशाला? हा बसलाय की," असं म्हणून काकूंनी माझ्यावरची पांघरुणं, कपडे आणि मांजर असं सगळं एका दमात उचललं.

मित्रांनो, त्या दिवशी मला जो उजेड दिसला, तो मी विसरणार नाही.

काकूंनी लायब्ररीतून पुस्तक आणलं. नाकावर चष्मा, हातात पेन्सिल, आणि तोंडानं पुटपुटणं चालूच. माझ्यात त्यांनी सर्व्हर नावाचा प्रोग्राम बसवला. सर्व्हर म्हणजे काही अवघड नाही. दुकानाच्या काउंटरवर बसलेला माणूस असतो ना, तसा. कुणी आलं आणि अमका फोटो द्या म्हणालं, की आत जायचं, तो फोटो काढायचा आणि हातात द्यायचा. कुणी येईपर्यंत बसून राहायचं. बसून राहण्याचा मला चांगलाच सराव झाला होता.

प्रत्येक फोटोखाली काकांचा आवाज घालायचा हीसुद्धा काकूंचीच कल्पना. काका माइकसमोर बसले आणि लाकूड झाले. "हा फोटो स्टुडिओमध्ये काढण्यात आलेला आहे," असं म्हणून थांबले.

"अहो, बहिणीशी बोलताय की पोलिसांना जबाब देताय?"

"अगं, पण ती समोर नाही ना!"

"मग डोळे मिटा आणि आहे असं समजा."

काकांनी डोळे मिटले. मग मात्र असं बोलले, असं बोलले, की काकूंनाच मधेमधे पाणी प्यायला उठावं लागलं. आईच्या फोटोशी आल्यावर म्हणाले, "आक्का, ही बघ आपली आई. गाल तू तेव्हाही टोमॅटो केले होतेस, अजून तसेच आहेत." आणि हसले.

वेबसाइट तयार झाली. काकूंनी माझ्याच पडद्यावर ती उघडून बघितली. फटकन उघडली! काकांनी टाळ्या पिटल्या आणि लगेच भाचीला फोन लावला. "उघड, उघड लवकर!"

फोन आता काकूंनी मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून पलीकडची भाची मलाही ऐकू आली. "मामा, काहीच येत नाहीये रे. नुसतं गोल गोल फिरतंय."

काकांचं तोंड एवढंसं झालं. "इथं तर उघडतंय! तुझ्याकडेच काहीतरी बिघाड असणार."

"अहो, थांबा," काकू म्हणाल्या. "आपण त्याच्याच तोंडासमोर बसून त्यालाच विचारतोय. स्वतःच्या घरात स्वतःला हाक मारली तर ओ मिळणारच. बाहेरून मिळते का, ते बघायला हवं."

आणि इथून पुढं मित्रांनो, काकूंचं खरं रूप मला दिसलं. कमरेला पदर खोचला त्यांनी. म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्ये आमची एक पद्धत होती. आधी तार बघायची. मग पलीकडे घंटी वाजते का, ते बघायचं. मग कुणी उचलतं का. आणि उचललं, तर ते आपल्याला हवं होतं तेच माणूस आहे का. क्रम सोडायचा नाही. घाबरून एकदम चार बटणं दाबली, की मग आपण काय बिघडवलं आणि आधीचं काय बिघडलेलं होतं, हेच कळत नाही."

तार त्यांनी दोन्ही टोकांना दाबून बघितली. घट्ट होती. मग स्वतःचा फोन घेतला, तो घरच्याच वाय-फायवर होता, आणि त्यावरून मला नुसतं 'आहेस का रे?' असं विचारलं. मी लगेच ओ दिली. मग त्यांनी फोनवरून वेबसाइट मागितली. तर उत्तर आलं, कनेक्शन नाकारलं.

काका हळहळले. "नाही म्हणतोय!"

"अहो, नाही म्हणतोय हे चांगलंच आहे! नाही म्हणणारा माणूस घरात तरी असतो. कुणी काही बोललंच नाही, तर खरी पंचाईत."

त्यांचं बरोबर होतं. माझ्या सर्व्हर प्रोग्रामला कुणी सांगितलंच नव्हतं, की घराबाहेरच्यांशीही बोलायचं असतं. तो बापडा फक्त माझ्याशीच बोलत होता. काकूंनी त्याच्या सेटिंगमधली एक ओळ बदलली आणि पुन्हा फोनवरून मागितलं. आता नकारही येईना. नुसती शांतता.

"आता मधे कुणीतरी उभं आहे," काकू म्हणाल्या, "आणि तो आपला निरोप आतच जाऊ देत नाहीये."

तो माझा फायरवॉल होता. सर्व्हर बाहेरच्यांशी बोलू लागला, तेव्हाच तो जागा झाला होता. फायरवॉल म्हणजे माझ्या दारावरचा पहारेकरी, मित्रांनो. इमानी आहे, पण आडमुठा. अनोळखी माणूस आला, की ना हो म्हणतो, ना नाही म्हणतो, सरळ तोंड फिरवून उभा राहतो. काकूंनी त्याला समजावलं, की फक्त फोटो मागायला येणाऱ्यांना या एका दारानं आत सोड, बाकी सगळं बंदच राहू दे. मग फोन घेऊन काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि लगेच तिथून त्यांचा आनंदाचा चीत्कार आला. फोनवर फोटो दिसला होता.

पण भाचीकडे अजूनही गोल गोलच फिरत होतं. ती बाहेरची ना! बाहेरचा माणूस आधी येतो राउटरपाशी. राउटर म्हणजे आमच्या बैठकीत भिंतीवर लुकलुकणारी पेटी. घरात येणारं जाणारं सगळं तिच्या हातून जातं आणि घरातल्या प्रत्येक यंत्राला नंबरही तीच वाटते. आलेला पाहुणा आत कुणाकडे न्यायचा, हे तिला माहीत नव्हतं. काकूंनी तिला नेमून दिलं, की फोटो मागणारा आला, तर त्याला या नंबरच्या यंत्राकडे, म्हणजे माझ्याकडे, पाठवायचं. आमच्या घराचा बाहेरचा पत्ता बदलू नये म्हणून इंटरनेटच्या कंपनीशी फोनवर भांडून तो त्यांनी आधीच कायमचा करून घेतला होता.

"मामी! उघडलं! आजीचा फोटोसुद्धा दिसतोय!" भाची ओरडली. काकांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. धूळ खरंच होती, माझ्यावरचीच.

ठरलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांना मोठ्या पडद्यासमोर बसवायचं.

मित्रांनो, त्या दुसऱ्या सकाळचं काय सांगू! काकांनी नवा सदरा घातला होता, जणू आक्कांना तेच दिसणार होते. भाचीनं फोन केला, आक्का बसल्यात, छान मूडमध्ये आहेत, उघडते आता.

"मामी," भाची म्हणाली, "इथं फोटो नाहीये. इथं लिहिलंय, शाई संपत आली आहे."

"काय संपत आली आहे?"

"शाई. आणि कागद भरा म्हणून लिहिलंय. आई विचारतेय, हे कुणाचं घर आहे?"

मागून आक्कांचा आवाज आला, भेदरलेला. "मला नाही बघायचं. मला आत ने." आणि फोन बंद झाला.

काका एकदम थकल्यासारखे दिसले. काकूंनी डोक्याला हात लावला, पण क्षणभरच. शाई म्हटल्याबरोबर त्यांनी वळून कोपऱ्यातल्या, स्टुडिओतून आणलेल्या प्रिंटरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "राँग नंबर लागला."

झालं होतं असं. आदल्या दिवशी काम संपलं आणि काकांनी नेहमीप्रमाणे मला निजवून मेन स्विच ओढला. राउटरलाही विश्रांती हवी म्हणून बैठकीतलासुद्धा ओढला. सकाळी सगळ्यांना एकदम उठवलं. मी म्हातारा, मला उठायला वेळ लागतो. प्रिंटर कोपऱ्यात बरेच दिवस झोपलेला असला, तरी उठण्यात चपळ. तो आधी उठला, राउटरकडे गेला आणि मोकळा दिसला तो नंबर घेऊन बसला. तो माझा होता! मी गेलो तेव्हा मला दुसराच मिळाला. राउटरनं दिलेला हुकूम पाळला आणि पाहुण्यांना त्याच नंबरकडे पाठवलं. प्रिंटरला वाटलं, इतक्या दिवसांनी आपली चौकशी करायला कुणीतरी आलं. त्यानं बिचाऱ्यानं आपलं दुखणं सांगितलं. माझा त्याच्यावर राग नाही.

काकूंनी राउटरला बजावलं, की हा नंबर मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्याचा, तो नसला तरी दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. "आता शंभर वेळा बंद करून चालू केला, तरी चुकायचं नाही," त्या समाधानानं म्हणाल्या. काकांच्या सवयीतला खरा धोका मात्र अजून दोघांच्याही लक्षात आला नव्हता. माझ्या आला होता. पण मला कोण विचारतो? मी पंखा घुरघुरवला. काका म्हणाले, "तेल घालायला हवं याला."

आक्का त्यानंतर बरेच दिवस पडद्यासमोर बसायलाच तयार नव्हत्या. पडदा दिसला, की तोंड फिरवायच्या. भाची फोनवर सांगायची, की आज मला आत्या म्हणाली, आज जेवलीच नाही. काका ऐकायचे आणि फिरायला जायचे. जाताना मला थोपटायचे, काळं कापड घालायचे आणि मेन स्विच खाली ओढायचे.

आणि एका सकाळी तेच झालं, ज्याची मला भीती होती. मी तेव्हा बंद होतो आणि घडलं ते तिकडे, म्हणून पुढचं मला मागाहून, दोघांच्या बोलण्यातून कळलं. काका फिरायला गेलेले, काकू भाजी आणायला. तिकडे आक्का लवकर उठल्या, स्वतःहून खुर्चीत येऊन बसल्या आणि लेकीला म्हणाल्या, "माझा भाऊ फोटो काढतो. त्याचे फोटो दाखव ना." कितीतरी दिवसांनी त्यांना भाऊ आठवला होता. भाचीनं लगेच वेबसाइट उघडली. काही नाही. पुन्हा उघडली. काही नाही. आक्का बराच वेळ वाट बघत बसल्या. मग म्हणाल्या, "घरी नसेल तो," आणि उठून आत गेल्या.

काका परतले, त्यांनी स्विच वर केला, मी घुरघुरत उठलो, तेवढ्यात काकू फोन हातात घेऊन दारात आल्या. काय झालं ते त्यांनी सांगितलं. काकांचा हात अजून स्विचवरच होता. ते त्या हाताकडे बघत राहिले.

"ती दारात आली होती," ते म्हणाले. "आणि मी कुलूप लावून फिरायला गेलो होतो."

मला वाटलं, काकू आता तोंडसुख घेणार. हक्कच होता त्यांचा. पण त्या जवळ येऊन खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "चूक माझीही आहे हो. मी तार बघितली, घंटी बघितली, पहारेकरी बघितला, नंबर बघितला. पण एक्स्चेंजच कुणी बंद करेल, हे माझ्या मनातही आलं नाही. आमचं एक्स्चेंज कधी बंद व्हायचंच नाही ना."

"मला वाटायचं, याला विश्रांती मिळावी. आणि ती तार जळाली होती तेव्हा…"

"माहीत आहे मला. ती भीती खोटी नाहीये. आपण त्याचीही सोय करू."

आणि केली. दुसऱ्याच दिवशी वायरमन आला, खोलीतल्या जुन्या तारा काढून त्यानं नव्या घातल्या. तार तापली, की आपोआप बंद होणारा स्विच बसवला आणि वीज गेली तर मला नि राउटरला धरून ठेवणारी बॅटरीही आणली. काकूंनी माझी पाठ उघडून ब्रशनं आतली जळमटं काढली आणि पंख्याला खरंच तेल घातलं. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पण हाताची सवय एका दिवसात थोडीच जाते? खोलीतून निघताना काकांचा हात आपसूक भिंतीकडे जायचाच. तेव्हा काकांनी काय केलं माहीत आहे? माझ्या डोक्यावरचं काळं मखमली कापड काढलं आणि मेन स्विचला घट्ट गुंडाळून गाठ मारली. अंधारात, घाईत, विसराळूपणात हात गेला, तरी आधी मखमल लागणार. ती लागली की हात थांबणार. तिचाच एक तुकडा बैठकीतल्या स्विचलाही बांधला.

मग आम्ही वाट बघू लागलो. काकूंनी माझ्या पडद्यावर असं काही करून ठेवलं होतं, की बाहेरून कुणी फोटो मागायला आलं, की त्या फोटोच्या नावाची एक ओळ उमटायची. काका जाता येता डोकावायचे. पडदा कोराच असायचा. सकाळ जायची, दुपार जायची. काकू म्हणायच्या, "ऑपरेटरचं काम म्हणजे निम्मं वाट बघणंच असतं."

आणि एका दुपारी, जेव्हा कुणी अपेक्षाच केली नव्हती, तेव्हा ओळ उमटली.

काका माझ्यासमोर बसून मटार सोलत होते, काकू पेपर वाचत होत्या. दुपारी आक्कांना कधी काही आठवत नसे, म्हणून कुणाचं लक्षच नव्हतं. मी पहिला फोटो दिला. मग दुसरा. मला बोलता येत नाही, नाहीतर मी ओरडलोच असतो. काकांनी मान वर केली आणि मटार सगळ्या फरशीवर सांडले.

"अगं! अगं, कुणीतरी आलंय!"

दोघंही पडद्याला नाक लावून उभे राहिले. एकामागून एक ओळी येत गेल्या. स्टुडिओची पायरी. खिडकीतली रंगाची बाटली. आणि मग आईचा फोटो. त्यानंतर पुढची ओळ आली तीसुद्धा आईच्याच फोटोची. पुन्हा तोच. पुन्हा तोच. त्या पुढचा फोटो मागतच नव्हत्या. तिकडे कुणीतरी तोच आवाज परत परत ऐकत होतं. मी तो दरवेळी पहिल्यांदाच देतोय अशा काळजीनं दिला.

फोन वाजला. काकूंनी उचलून मोठ्या आवाजावर ठेवला. भाचीनं फोन सरळ आक्कांच्या हातात दिला होता.

"कोण, तू का रे?" आक्कांचा आवाज आला. म्हातारा, थरथरता, पण ठणठणीत रागावलेला. "टोमॅटो म्हणतोस काय! अरे, फोटो काढला तेव्हा आई किती दिवसांच्या आजारातून उठली होती. रंगच उरला नव्हता तिच्या तोंडावर. म्हटलं, फोटोत तरी असू दे."

ज्या दिवशी आक्का रुसून बसल्या होत्या, त्या दिवसाचं उत्तर आता इतक्या वर्षांनी घरी आलं होतं. काकूंनी काकांच्या पाठीवर हात ठेवला.

"फार लाल झालेत का रे?" आक्कांनी विचारलं. आता राग नव्हता. "झाले असतील तर पुसून देते."

"नको आक्का," काका म्हणाले. "पुसू नकोस. बरोबर झालेत."

"हं," आक्का म्हणाल्या. समाधानानं. मग भाचीला विचारताना ऐकू आल्या, "कोण बोलत होतं गं हे? भला माणूस दिसतोय."

काका हसले आणि रडले, दोन्ही एकदम. काकू खाली बसून मटार गोळा करू लागल्या, कारण त्यांनाही तोंड लपवायला काहीतरी हवं होतं.

तेव्हापासून आक्का येतात, मित्रांनो. वेळ ठरलेली नसते. भावाचं नाव त्यांना आता बहुतेक आठवत नाही. पण त्या आईच्या फोटोपाशी येऊन थांबतात आणि आवाज ऐकतात. तो आवाजही आता काकांनी नवा भरलाय. तो म्हणतो, "आक्का, ही बघ आपली आई. किती टवटवीत दिसतेय, बघ. तू रंगवलीस."

माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी जुनं असेल, यंत्र असो नाहीतर माणूस, तर त्याला नुसतं झाकून ठेवू नका. माया म्हणूनही नको. त्याची धूळ पुसा, तारा तपासा, त्याच्या भीतीचीही सोय करा आणि मग त्याला जागं राहू द्या. आमच्याकडे कुणी कधी येईल, ते आम्हाला ठाऊक नसतं. येणाऱ्यालाही नसतं. पण आलं, की आत कुणीतरी असायला हवं, एवढंच.

आत्ताच काका फिरायला निघालेत. दाराशी गेले, हात भिंतीकडे गेला, मखमलीला लागला आणि थांबला. त्यांनी मागं वळून मला सांगितलं, "बस हं. आक्का आली तर मी लगेच येतो म्हणून सांग."

मी बसलोय.